ते वर्तमानपत्रातलं चित्र नव्हतंच

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत इंग्लंडचा पंतप्रधान पिट आणि फ्रान्सचा सम्राट नेपोलियन पृथ्वीचं पुडिंग कापून घेताना दाखवणारं इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं चित्र छापलंत, आनंद वाटला. मात्र खाली 'तत्कालीन इंग्रजी दैनिकातील व्यंगचित्र' असं लिहिलंय, ते साफ चूक आहे. हे चित्र कुठल्याही दैनिकात आलेलं नव्हतं. २६ फेब्रुवारी १८०५ रोजी हॅना हम्फ्री या बाईंनी लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानातून ते सुटं विकायला काढलं. असं चित्र साधं घेतलं तर साधारण एक शिलिंग, रंगवलेलं दोन, म्हणजे मजुराची जवळजवळ दिवसाची कमाई. बाकीचे लोक काचेबाहेर उभे राहून फुकट बघत.

चित्र तयार व्हायचं ते तांब्याच्या पत्र्यावर. पत्रा घासून तेलकटपणा पार घालवायचा, कारण बोटाचा ठसा राहिला तरी मेण-राळेचा थर तिथे सुटतो आणि आम्ल नको तिथे खातं. थर मेणबत्तीच्या धुराने काळा करून त्यावर सुईने रेघा ओढायच्या, कडेला मेणाचा बांध घालून पाणी मिसळलेलं नायट्रिक आम्ल ओतायचं. फिक्या रेघा आधी वार्निशने झाकायच्या आणि गडद रेघांना पुन्हा आम्ल पाजायचं. आम्ल जहाल झालं तर जवळजवळच्या रेघांमधला तांब्याचा पडदा ढासळतो आणि छापात नुसता डाग उमटतो. शिवाय पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं, अक्षरंसुद्धा! चोरून नक्कल करणारे छापील चित्र तसंच पत्र्यावर उतरवत, म्हणून त्यांच्या प्रती डाव्या-उजव्या फिरलेल्या निघत. मूळ चित्रात पिट डावीकडे आहे. रंग हातानेच भरत, त्यामुळे दोन प्रतींत कोटाची छटाही जुळत नाही.

लेखात गिलरेला 'निर्भीड, स्वतंत्र' म्हटलंय, तेही जरा बेतानेच घ्यावं. १७९७पासून काही वर्षं त्याला पिटच्या सरकारकडून गुपचूप वर्षाला २०० पौंड मिळत होते. आणि नेपोलियन काही बुटका नव्हता. त्याची उंची १६८ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे त्या काळच्या फ्रेंच माणसाला साजेशी होती. 'लिटल बोनी' म्हणजे चिमुकला बोनापार्ट, ही या चित्रांचीच करामत.

आपल्याकडचा संबंध मात्र लेखातून निसटला. डिसेंबर १७९१च्या एका चित्रात गिलरेने श्रीरंगपट्टणच्या तटावरून टिपू लघवी करतोय आणि इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस पळतोय असं दाखवलंय. कॉर्नवॉलिसची ही माघार त्याच वर्षीच्या मे महिन्यातली. बातमी जहाजाने पोचायला एवढे महिने लागत. त्याच माघारीत पावसाने आणि उपासमारीने बेजार झालेल्या इंग्रजांना हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन या मराठा सरदारांच्या फौजा येऊन मिळाल्या, धान्य मिळालं, म्हणून ते तरले.

हौसेने प्रत विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. बोन या प्रकाशकाने १८५१च्या सुमारास गिलरेचे मूळ पत्रेच पुन्हा छापले, जाड कागदावर, बहुधा पाठपोट आणि बिनरंगी. पत्रा अस्सल असल्याने रेघा पाहून फरक कळत नाही. कागद उलटून मागेही चित्र आहे का बघावं, मगच पैसे मोजावेत.

१७३५च्या इंग्लंडमधल्या कायद्याने चित्र कोरणाऱ्याला नक्कल रोखण्याचा हक्क मिळाला तो पत्र्यावर नाव आणि तारीख असेल तरच. म्हणून प्रत्येक चित्रावर प्रकाशनाची ती बारीक ओळ असते. आपल्या छपाईत ती कापली गेली आहे. पुढच्या वेळी समास न छाटता चित्र छापावं, ही विनंती.

— एक वाचक, पुणे