पुस्तक मी बॅगेत भरलं आहे

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "ते बुडालेल्या बोटीचं पुस्तक तिकडेच राहू दे, सणासुदीला लेकराच्या तोंडी मरणाच्या गोष्टी नकोत." तुझा आवाज बसलेला होता, म्हणून मी नुसतं हो म्हटलं. पण टायटॅनिकचं ते पुस्तक मी ओजसच्या बॅगेत भरलं आहे, कपड्यांच्या खाली. तुझा शब्द मोडल्याचं मनाला लागून राहिलंय, म्हणून तो नाशिकला पोचायच्या आत हे पत्र.

तुझी काळजी मला कळते. साडेपाच वर्षांचं पोर जेवताना विचारतं, "किती माणसं मेली?" ते ऐकून कुणाच्याही पोटात कालवतं. पण तो मरणाच्या मागे नाही गं. एवढं मोठं, मजबूत म्हणून बांधलेलं काहीतरी कसं मोडलं, हे त्याला कळून घ्यायचंय. मेलेला माणूस परत येत नाही, हे या वयात मुलांना नुकतं कुठं उमगायला लागतं. ती भीती त्यांना एकदम पेलत नाही. मग ती आकड्यांना धरतात, कारण आकडे हलत नाहीत. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी धडक, २ वाजून २० मिनिटांनी बुडाली. बुडाली ती तारीख १५ एप्रिल १९१२. हे तो तुला दिवसातून दहा वेळा सांगेल. दहाव्यांदाही "हो का?" म्हण. पुस्तक लपवलं तर तो विषय सोडणार नाही, फक्त आपल्याला विचारणं सोडेल. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

उत्तर द्यायचं ते खरं आणि विचारलं तेवढंच. आई, "देवाघरी गेले" म्हणू नकोस, तो "परत कधी येणार?" विचारत बसेल. "झोपले" तर मुळीच नको, मुलं मग झोपायलाच घाबरतात. "मेले, त्यांचं शरीर काम करायचं थांबलं" एवढं पुरतं. आणि दर वेळी वाचवणारे कोण होते ते जोडायचं. टायटॅनिकवर सुमारे २,२०० माणसं होती, २० होड्यांत मिळून जागा १,१७८. दीड हजार माणसं गेली. पण कार्पेथिया नावाची बोट ५८ मैलांवरून निघाली. तिच्या कप्तानानं प्रवाशांच्या खोल्यांची ऊब आणि गरम पाणी बंद करून सगळी वाफ इंजिनाला दिली, आणि वाटेतच ब्लँकेटं, सूप, डॉक्टर तयार ठेवले. पहाटे चारच्या सुमाराला ती पोचली आणि होड्यांतल्या सातशेवर माणसांना तिनं वर घेतलं. गरम पाण्याची गोष्ट त्याला फार आवडते. आंघोळीला गीझर बंद करायला सांगेल, तो काही हट्टीपणा नसतो.

बाबा, "बुडाली कशी" हे त्याला तुमच्याकडून हातानं करून बघायचंय. बर्फाचा ट्रे घ्या, कडक प्लास्टिकचा. सिलिकॉनचा मधेच वाकतो. घमेल्यात वीतभर पाणी घ्या, परात उथळ पडते. कोरडा ट्रे तरंगत ठेवा, एका टोकाच्या दोन खणांत दोन-तीन नाणी टाका आणि त्याच खणांत चमच्यानं पाणी घाला. नाणी नसली तर प्लास्टिक हलकं असल्यानं ट्रे काठोकाठ भरूनही तरंगत राहतो, आणि मग तो रडवेला होतो. टोक खाली गेलं की पाणी मधल्या भिंतीवरून पुढच्या खणात, तिथून त्याच्या पुढच्या. बोटीचंही हेच झालं. १६ कप्पे होते, पुढचे चार भरले तरी ती तरली असती. पाणी त्याहून जास्त कप्प्यांत शिरलं, आणि मधल्या भिंती वरपर्यंत नेलेल्या नव्हत्या. पाणी मधल्या खणांत ओतू नका, ट्रे सपाट बुडतो आणि "अशी नाही बुडाली!" म्हणून सगळं पुन्हा करावं लागतं. हे गॅलरीत करा, खाली पोतं अंथरून. फरशी ओली झाली तर दोघांपैकी कुणीही त्यावर पाय ठेवायचा नाही. भरलेलं घमेलं बाबांनी उचलायचं नाही, मगानं रिकामं करायचं.

किल्लारीच्या भूकंपाचं विचारलं तर रिकाम्या काडेपेट्या घ्या. ताटात आठ पेट्यांच्या दोन भिंती, वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर बत्ता. ताट हलवलं की सगळं खाली. मग प्रत्येक भिंतीला रबरबँड घालून बांधा आणि तसंच हलवा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे, विसर्जन करून लोक गाढ झोपलेले असताना, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचा मातीचा जड धाब्याचा भार असाच अंगावर आला. बांधलेलं घर टिकतं, एवढं त्याला दिसलं की पुरे.

आता गोदावरीचं. त्याला मी दुतोंड्या मारुतीचं कबूल केलंय. पाणी पायाला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, असं अख्खं नाशिक ज्याच्या अंगावर पूर मोजतं, तो मारुती बघायचं वेड त्यानं घेतलंय. नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला पाणी लागलं की महापूर, हेही पाठ आहे. दिवाळीत पाणी खाली असतं, तरी सकाळी ऊन चढायच्या आत जा, रिक्षा घाटापर्यंत न्या आणि बाबांनी पायऱ्या उतरायच्या नाहीत. त्याचा हात आईनं धरायचा.

तिथं तो नक्की विचारेल, "गंगापूर धरण फुटेल का?" पानशेतचं धरण फुटल्याचं त्यानं ऐकलंय. "छे, कधीच नाही" म्हणू नका, त्याला ते पटत नाही. सांगा की मातीच्या धरणावरून पाणी वाहू देत नाहीत, कारण ते माती खरवडतं. म्हणून पातळीवर सतत लक्ष ठेवतात, दारं उघडून पाणी सोडतात आणि आधी खाली कळवतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, आपल्या जवळजवळ दोन बादल्या. पेपरातला विसर्गाचा आकडा दिलात की तो बादल्या मोजत बसेल. पानशेतला १९६१ साली जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून धरण अंधारात फुटायचं टळलं, हेही सांगा. आणि आपलं घर नदीपासून लांब, चढावर आहे, हे सगळ्यात शेवटी नाही, सगळ्यात आधी.

बाबा, १९६९ च्या पुराबद्दल तो विचारणार. जुन्या वाड्याच्या भिंतीवरची पुराची रेघ दाखवायची की नाही, आत्याच्या पेटीचं सांगायचं की नाही, हे सर्वस्वी तुम्ही ठरवा. माझी अजिबात सक्ती नाही. सांगावंसं वाटलं तर दिवसा सांगा आणि मांडीवर घेऊन सांगा, मला पाऊस लागला की घ्यायचात तसं. नाही वाटलं तर "मी लहान होतो, मला आठवत नाही" असं मात्र म्हणू नका. "ते सांगताना मला वाईट वाटतं" म्हणा. त्याला ते समजतं.

काही गोष्टी मात्र बजावून सांगते. व्हॉट्सअ‍ॅपवरचे पुराचे, भूकंपाचे व्हिडिओ त्याला दाखवायचे नाहीत, आवाजासह तर नाहीच. चित्रं आणि नकाशे चालतात. संध्याकाळच्या जेवणानंतर विषय बंद, तेव्हा कार्पेथियासुद्धा नाही. खेळात बोट बुडवून तो नंतर लोकांना वाचवत असेल, खेळ रोज थोडा बदलत असेल, तर बिनघोर राहा. चेहरा पाडून तेच ते खेळत राहिला, झोपेतून दचकून उठायला लागला, अंथरूण ओलं झालं किंवा आंघोळीला घाबरला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता मला फोन करा. मी रात्रीच्या गाडीनं येईन.

तुमची झोप मोडणार नाही. दुपारी दोन ते साडेतीन तो एकटाच चित्रं काढतो, कागद आणि खडू पाठवलेत. तिखट कमी खातो, पण तुझं मेतकूट-भात रोज चालेल. बाबांच्या बीपीच्या गोळ्या डब्यात दोन आठवड्यांच्या भरून पाठवते, सकाळची आणि रात्रीची वेगळी. आई, गरम पाण्याच्या गुळण्या चालू ठेव, आणि त्याला गोष्टी वाचून दाखवायचं काम आवाज सुटेपर्यंत बाबांचं.

तुमची,
छोटी

ता. क. तो तुला रांगोळीत टायटॅनिक काढायला सांगेल. धुराडी चार काढ, पण धूर तिघांतूनच. चौथं मुख्यतः हवेसाठी होतं. त्यातून धूर निघाला तर तो पुसायला लावेल.