हप्ता भाड्याएवढा, मग बाकीचं कोण भरणार?

महोदय,

आपल्या मालमत्ता पुरवणीत ‘भाड्याएवढ्या हप्त्यात स्वतःचं घर’ अशी जाहिरात नाही असा आठवडा हल्ली जात नाही. पाथर्डी फाट्यापासून म्हसरूळपर्यंतच्या फ्लेक्सवरही तेच. माझी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली आणि निवृत्तीनंतर सोसायटीची खजिनदारकी गळ्यात पडली, त्यामुळे हा विषय मला टेबलाच्या दोन्ही बाजूंनी दिसतो. हप्ता भाड्याएवढा असेलही. पण भाडं दिलं की भाडेकरू मोकळा होतो, हप्ता भरून घरमालक मोकळा होत नाही. हे त्या फ्लेक्सवर कुठंच नसतं.

गृहकर्जाच्या हप्त्यात मुद्दल आणि व्याज एवढंच असतं. त्यातही सुरुवातीला मुद्दल नावालाच. आमच्या बी विंगमधला एक मुलगा, अंबडला कारखान्यात नोकरीला आहे. त्यानं २०२४च्या सुरुवातीला कर्ज घेतलं, दर साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता २६,९८९ रुपये. वर्ष झाल्यावर खातेउतारा घेऊन आला. म्हणाला, “काकू, सव्वातीन लाखांच्या आसपास भरले आणि कर्ज उतरलंय बासष्ट हजारांनी. बँकेनं काही घोळ घातलाय का?”

घोळ नव्हता. पहिल्या महिन्यात त्याच्या हप्त्यातले २२,०२९ रुपये व्याजात गेले आणि ४,९६० मुद्दलात. व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं, आणि सुरुवातीला सगळंच मुद्दल शिल्लक असतं, म्हणून असं होतं. हप्ता दर महिन्याला तोच, पण आतली वाटणी हळूहळू बदलत जाते. मुद्दलाचा वाटा व्याजाच्या पुढे जायला बारावं वर्ष उजाडतं. दर हाच राहिला तर १० वर्षं नेमानं हप्ते भरल्यावरही त्याच्या नावावर पावणेबावीस लाखांच्या वर कर्ज असेल. हे ऐकून तो गप्पच झाला. मंजुरीच्या वेळी त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

मला खटकलं ते वेगळंच. मंजुरीपत्रात कर्ज ३० लाखांचं आणि उताऱ्याच्या पहिल्याच ओळीत ३१,१०,००० रुपये. वरचे एक लाख दहा हजार म्हणजे कर्जाच्या विम्याचा एकरकमी प्रीमियम, तो कर्जातच घातलेला. “तो घ्यावाच लागतो असं म्हणाले,” हे त्याचं उत्तर. घ्यावाच लागतो असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. विमा वाईट असं मी म्हणत नाही, कमावता माणूस गेला तर घर वाचतं, आणि मी नोकरीत असताना ते पाहिलेलं आहे. पण प्रीमियम कर्जात घातला की त्यावरही २० वर्षं व्याज लागतं. त्यापायी याचा हप्ता महिन्याला ९५५ रुपयांनी फुगला आहे, म्हणजे एक लाख दहा हजारांचे शेवटी दोन लाख एकोणतीस हजार होतात. वर पॉलिसी उघडून पाहिली तर संरक्षण १० वर्षांचंच! पुढची १० वर्षं तो संपलेल्या विम्याचे पैसे फेडत राहणार. साधा टर्म इन्शुरन्स (मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा विमा) वेगळा घेतला असता तर दरवर्षी प्रीमियम भरावा लागला असता, पण त्यावर व्याज तरी लागलं नसतं. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, पण या मुलानं पाकीट उघडलंच होतं वर्षानं.

दर बदलला की आणखीच गंमत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो, गृहकर्जाचे दर त्यामागून हलतात) ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. २०२१ मध्ये पावणेसात टक्क्यांनी २० वर्षांसाठी ३० लाख घेतलेल्या माणसाचा हप्ता होता २२,८११ रुपये. त्याचा दर सव्वानऊ झाला आणि कर्ज २९ लाख शिल्लक असलं, तर महिन्याचं नुसतं व्याजच होतं २२,३५४. हप्ता तोच भरत राहिला तर मुद्दलात पडतात साडेचारशे रुपये. खूप जणांच्या बाबतीत बँकांनी हप्त्याला हात न लावता मुदत वाढवून ठेवली, आणि हप्ता वाढला नाही म्हणून माणसं खुशीत राहिली. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारा, आणि दर तिमाहीला आतापर्यंत किती मुद्दल आणि किती व्याज वसूल झालं, किती हप्ते उरले, याचं विवरण द्या. हे विवरण बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा मेलमध्ये येऊन पडतं. उघडतं कोण? २०२५ मध्ये दर खाली आले आहेत, तेव्हा जाता जाता एक सांगते: झेपत असेल तर जुनाच हप्ता चालू ठेवावा, मुदत आपोआप आखडते.

आता हप्त्याबाहेरचं. माझी भाची न्यू जर्सीत असते. तिच्या महिन्याच्या हप्त्यातच घरपट्टी आणि घराचा विमा धरलेला असतो. कर्ज देणारे ते पैसे एस्क्रो नावाच्या खात्यात बाजूला ठेवतात आणि वेळ आली की परस्पर भरतात. घरपट्टी वाढली की तिचा हप्ताही वाढतो, त्याबद्दल ती कुरकुरते, पण घराचा खर्च तिला एका आकड्यात कळतो. आपल्याकडे तसं नाही. घरपट्टी, पाणीपट्टी महापालिकेला, मेंटेनन्स सोसायटीला, आणि घराचा आगीचा-भूकंपाचा विमा बहुतेक जण काढतच नाहीत.

नवीन फ्लॅटमध्ये हे लगेच जाणवत नाही, कारण ताबा देताना बिल्डरनं वर्ष-दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतलेला असतो. तो संपला आणि सोसायटी स्थापन झाली की खरी गोष्ट सुरू होते. आमच्याकडे मेंटेनन्स महिना २,८०० आहे. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाव टक्का सिंकिंग फंडाला (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीला घ्यावा लागतो. लिफ्टची मोटर जळाली की ते पैसे लागतातच. पण मी बिलात तो आकडा टाकला की जिन्यात मला गाठून विचारतात, “एवढा हप्ता भरतोय, वर हे कशाला?” थकबाकीच्या यादीत जी नावं आहेत त्यातली बरीचशी तरुण, दोघंही कमावणारी जोडपी आहेत. बुडवणारी माणसं नव्हेत ती. त्यांनी पगारातून हप्ता वजा करून संसाराचं गणित मांडलं, आणि त्या गणितात मेंटेनन्सची ओळच नव्हती.

बँकांकडून माझी अपेक्षा फार नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून गृहकर्जासारख्या, व्यक्तींना दिलेल्या कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य माहितीचं पत्रक, सक्तीचं आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर द्यायचा असतो, विम्यासारखी, बँकेखेरीज तिसऱ्या कुणाला जाणारी रक्कम वेगळी दाखवायची असते, हप्त्यांचं वेळापत्रक जोडायचं असतं. आणि ते कर्जदाराला समजेल त्या भाषेत हवं, असा नियमच आहे. नाशिकमध्ये ती भाषा कोणती, हे बँकांना वेगळं सांगायला नको. तरी माझ्या हाताखालून गेलेले कागद इंग्रजीतच होते, खाली सहीपुरती फुली मारलेली. कर्जदारांनी मराठी प्रत मागावी, आणि ती वाचून होईपर्यंत सही करू नये. कामकाजाचे तीन दिवस तरी तो प्रस्ताव बँकेला कायम ठेवावा लागतो, तेव्हा ‘आजच सही करा, उद्या दर बदलेल’ या घाईला भुलू नये. बँकांनीही हप्ता कापल्याचा जो मेसेज दर महिन्याला येतो, त्यात व्याज किती, मुद्दल किती आणि शिल्लक किती हे तीन आकडे घालावेत. तिमाहीचं विवरण न उघडणारा माणूसही मेसेज वाचतो.

आणि संपादक महाराज, थोडं आपल्याकडेही. जाहिरातीत हप्त्याचा आकडा छापायचा असेल तर त्याच आकाराच्या टायपात कर्जाची रक्कम, दर आणि मुदत छापली पाहिजे, आणि खाली अंदाजे मेंटेनन्स व घरपट्टी, अशी अट आपल्या जाहिरात विभागानं घालावी. पुरवणीची दोन पानं कमी भरतील कदाचित.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, इंदिरानगर, नाशिक