आरपीएम का उतरवले?

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

जहाजाच्या इंजिनाचे आरपीएम (मिनिटाचे फेरे) उतरवायला सांगणाऱ्या कंपनीला एकाएकी पर्यावरणाचा पुळका का आला, असं तू विचारलं आहेस. पुळका नाही रे, बिल आलंय. १ जानेवारी २०२४ पासून युरोपीय संघाने ५,००० ग्रॉस टन (जहाजाच्या आकारमानाचं माप) आणि त्यावरच्या जहाजांना आपल्या कार्बन बाजारात ओढलं, म्हणजे सोडलेल्या दर टन कार्बन डायऑक्साइडमागे एक परवाना विकत घेऊन भरायचा. बाहेरून युरोपात येणाऱ्या किंवा तिथून बाहेर जाणाऱ्या खेपेचा निम्मा कार्बन डायऑक्साइड धरतात, युरोपातल्या युरोपात फिरलं तर सगळा. २०२४ च्या उत्सर्जनापैकी ४० टक्क्यांचे परवाने भरायचे होते, २०२५ च्या ७० टक्क्यांचे, २०२६ पासून पुरते शंभर.

हिशेब करून बघ. एक टन हेवी फ्युएल (जहाजाचं जड तेल) जाळलं की ३.११४ टन कार्बन डायऑक्साइड. न्हावा शेवाहून थेट रॉटरडॅमला जायला समज ८०० टन लागलं, तर झाले सुमारे २,४९० टन, त्यातले निम्मे आपल्या माथी. परवाना ७० युरोचा धरला तरी एका खेपेचे ८७,००० युरो. तेलाचे पैसे वेगळेच.

म्हणून आरपीएम. लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. १४ नॉट्सचे (तासाला इतके सागरी मैल) १२.६ केले की शक्ती २७ टक्क्यांनी उतरते. वेळ जास्त लागतो, तरी खेपेचं तेल १९ टक्क्यांच्या आसपास वाचतं. एवढी बचत दुसऱ्या कुठल्याही उपायाने फुकटात होत नाही.

पण याची किंमत तुमच्या इंजिनरूमला मोजावी लागते. इंजिनावरचं लोड फार उतरलं की ऑक्झिलरी ब्लोअर (हवा भरणारे जादा पंखे) सुरू होतात, ज्वलन नीट होत नाही, काजळी टर्बोचार्जरवर (धुराच्या जोरावर इंजिनात हवा भरणारं यंत्र) आणि इकॉनॉमायझरच्या (धुराच्या उष्णतेवर वाफ करणारं यंत्र) नळ्यांवर बसते. सिलिंडर ऑइलचा (वंगणाचा) फीड लोडप्रमाणे उतरवला नाही तर जादा तेल स्कॅव्हेंजमध्ये (सिलिंडरला हवा पुरवणाऱ्या कप्प्यात) साचतं, आणि तिथली आग काय असते ते चीफ इंजिनीअरला विचार. तेव्हा ठरलेल्या वेळी लोड चढवून इंजिन साफ करणं आणि सूट ब्लोइंग (नळ्यांवरची काजळी फुंकून काढणं) टाळू नकोस. एक्झॉस्टची वाफ कमी पडून बॉयलर पेटायला लागला, तर वाचवलेल्या तेलातलं काही तिकडेच गेलं.

दुसरी कटकट सीआयआयची, म्हणजे जहाजाच्या कार्बन-तीव्रतेच्या मापाची. २०२३ पासून जहाजाला ए ते ई श्रेणी मिळते: डेडवेट (वजन वाहण्याची क्षमता) आणि कापलेलं अंतर यांच्या गुणाकाराने वर्षभराच्या कार्बनला भागायचं. ओळीने तीन वर्षं डी किंवा एकदाच ई आली की सुधारणेचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. मला हे सूत्र अर्धवट वाटतं. जहाज नांगरावर ताटकळलं की जनरेटर तेल पितच राहतात आणि अंतर शून्य. दोष बंदराच्या गर्दीचा, श्रेणी आपली घसरते. भाडेकराराची गंमत अशी की आधी पोचून ‘जहाज तयार आहे’ अशी नोटीस दिली की रांगेत नंबर लागतो, म्हणून जहाजं धावत जातात आणि थांबतात. कराराची ही कलमं बदलल्याशिवाय नुसत्या इंजिनाकडून किती अपेक्षा करणार?

उष्ण पाण्यात असं उभं राहिलं की तळाला आधी शेवाळी चिकटा, मग बार्नॅकल. तोच वेग राखायला जास्त तेल लागतं. शांत समुद्रात, त्याच ड्राफ्टला (जहाज पाण्यात जितकं बुडतं ती खोली), त्याच आरपीएमवर स्लिप (पंख्याच्या फेऱ्यांनी कापायला हवं ते आणि खरं कापलेलं अंतर यांतला फरक) वाढत चालली तर नोंद करून कळव. पाणबुडे बोलवायचे की नाही ते त्यावर ठरतं. कडक ब्रशने घासलं तर अँटीफाउलिंग (अशी वाढ रोखणारा) रंगच निघतो आणि पुढची वाढ आणखी झपाट्याने होते.

शेवटचं आणि पैशाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: बंकर, म्हणजे जहाजात भरलेलं तेल. डिलिव्हरी नोटवर ५०० टन लिहिलेत आणि टाकीत ४९० आलेत, तर नोट आणि शिल्लक यांवरून हिशेब धरणाऱ्या जहाजावर ते १० टनही जाळल्यात जमा होतात. म्हणजे न मिळालेल्या तेलाचे पैसे आणि वर त्याचा कार्बन. घेण्याआधी आणि नंतर बार्जच्या (तेल घेऊन येणाऱ्या नौकेच्या) टाक्यांचं साउंडिंग (तेलाच्या पातळीचं मोजमाप) स्वतः बघ, तापमान लिही, ट्रिम-लिस्टची (नौका पुढे-मागे किंवा बाजूला कलल्याची) दुरुस्ती कर. तेलावर फेस दिसला तर तो बसेपर्यंत आकडा मान्य करायचा नाही. तफावत निघालीच तर सही करण्याआधी चीफला सांगून लेटर ऑफ प्रोटेस्ट (लेखी हरकत) द्यायला लाव.

तुझी,
आई