'माझी पुस्तक हरवली' : चूक एक, फुल्या दोन

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या मानकापूरच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडचं एक हिंदीभाषक कुटुंब राहतं. त्यांचा मुलगा सहावीत आहे, इंग्रजी माध्यमात, आणि २०२० च्या कायद्याने सगळ्याच माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली त्यामुळे त्यालाही मराठीचा पेपर असतो. मागच्या आठवड्यात तो तपासलेला पेपर घेऊन माझ्याकडे आला. निबंधात लिहिलं होतं, "माझी पुस्तक हरवली". 'माझी'वर लाल फुली, 'हरवली'वर लाल फुली. खाली "माझा घर मोठा आहे", तिथे 'माझा' आणि 'मोठा' दोन्हीवर फुल्या. पोरगं म्हणे, "काकू, मेरेको मराठी आएगीच नहीं, हर लाइन में दो-दो गलती है." मला फार वाईट वाटलं, कारण मी पॉलिटेक्निकला सी आणि पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषा शिकवते, दिवसभर पोरांच्या चुकाच वाचत असते, आणि मला त्या पानावर प्रत्येक ओळीत एकच चूक दिसत होती.

नीट बघा त्यानं काय केलंय. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, त्यानं मराठीतही ती स्त्रीलिंगी धरली. मग त्या एका समजुतीवर 'माझी' लावलं, 'हरवली' लावलं, दोन्ही एकमेकांशी बरोब्बर जुळवलं. म्हणजे विशेषण आणि क्रियापद नामाच्या लिंगाप्रमाणे बदलायचं हा जो मराठीचा खरा अवघड नियम आहे तो या मुलाला येतो! चुकलं फक्त एवढंच की 'पुस्तक' मराठीत नपुंसकलिंगी आहे हे त्याला कोणी सांगितलं नाही. त्यानं "माझी पुस्तक हरवलं" लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं की हो, गडबड आहे.

प्रोग्रामिंगमध्ये हा फरक आम्ही पहिल्या महिन्यातच शिकवतो. वाक्याची रचना तपासणारा भाग वेगळा, त्याला पार्सर म्हणतात, आणि प्रोग्राममध्ये माहितीला दिलेलं कुठलं नाव कुठल्या प्रकारचं म्हणून जाहीर केलंय याची नोंद वेगळी. १९६० साली अल्गॉल या प्रोग्रामिंगच्या भाषेचा रिपोर्ट आला तेव्हा बॅकस आणि नाउर या संगणकतज्ज्ञांच्या पद्धतीने तिचं सगळं व्याकरण सूत्रांत लिहून काढलं होतं, पण नाव वापरण्याआधी ते जाहीर केलेलं असावं आणि जाहीर केलं तसंच वापरावं, ही अट काही त्या सूत्रांत बसत नव्हती, ती शब्दांत वेगळी लिहावी लागली. कंपाइलर, म्हणजे आपला प्रोग्राम तपासून मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, लिहिणारे या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासतात. या मुलाची रचना बरोबर होती, चुकली ती 'पुस्तक'ची नोंद.

माझ्या वर्गात एखाद्या पोरानं सी मध्ये एखादं नाव जाहीर न करताच दहा ओळींत वापरलं तर जीसीसी नावाचा कंपाइलर दहा वेळा ओरडत नाही. एकदा सांगतो, आणि खाली टीपही देतो की असं नाव एका फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्यात, एकदाच कळवलं जातं. कारण एकच आहे तर तक्रारही एकच. मशीनला एवढं कळतं, मग सहावीतल्या मुलाच्या एकाच कारणाच्या दोन फुल्या कशासाठी?

पायथनमध्ये पण हेच बघितलं मी. पूर्वी कंस उघडा राहिला की भलत्याच खालच्या ओळीवर बोट ठेवून "इनव्हॅलिड सिंटॅक्स" एवढंच यायचं, पोरं ती बिचारी बरोबर असलेली ओळ खोडून परत परत लिहीत बसायची. २०२१ मध्ये पायथनची ३.१० ही आवृत्ती आली तेव्हापासून हा कंस बंदच झाला नाही असं सरळ त्या कंसाकडे बोट दाखवून सांगते. भाषा तीच, नियम तेच, फक्त चूक सांगायची पद्धत बदलली, आणि माझ्या लॅबमध्ये "मॅडम काहून नाही चालून राह्यलं" हे निम्म्यावर आलं.

भाषा शिकवण्याच्या अभ्यासात पण हे नवीन नाही. पिट कॉर्डर या भाषातज्ज्ञांनी १९६७ मध्येच मांडलं होतं की बोलताना घसरलेली जीभ वेगळी आणि शिकणाऱ्याची नियमाने होणारी चूक वेगळी, आणि ही दुसरी चूक म्हणजे त्याच्या डोक्यात आत्ता कुठली भाषा तयार झालीये याचा पुरावा असतो. आमच्या खालच्या पोराचा पेपर म्हणजे असाच पुरावा आहे, चक्क हिंदीची लिंगं आणि मराठीची जुळणी.

कोणी म्हणेल मग लिंगाचं एवढं काय, समजतं ना. नाही, मी त्या पक्षाची नाही. "जुन्या शाळेची इमारत" म्हटलं तर शाळा जुनी, "जुनी शाळेची इमारत" म्हटलं तर इमारत जुनी. एका अक्षराचा फरक, आणि कोणता शब्द कोणाला बांधलाय ते कळतं, प्रोग्राममध्ये हे काम कंस करतो. 'जुनी'च्या जागी 'सुंदर' टाका, तो शब्द बदलतच नाही, आणि लगेच प्रश्न पडतो की सुंदर शाळा की सुंदर इमारत. पार्सिंग शिकवताना मी हेच उदाहरण फळ्यावर लिहिते, विदर्भातल्या पोरांना इंग्रजी पुस्तकातल्या झाडासारख्या फांद्या काढलेल्या वाक्याच्या आकृतीपेक्षा ते लवकर कळतं. म्हणूनच लिंग आणि सामान्यरूप शिकवलंच पाहिजे, पण चूक कुठे आहे तिथे बोट ठेवून.

नागपुरात हा प्रश्न जास्त आहे. १९५६ पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी इथे घराघरात, बाजारात, ऑटोत. म्हणून हिंदीभाषक मुलं कुठे अडकणार हे आपल्याला आधीच माहीत असायला हवं : आवाज आली, चहा बनवली, दुकान उघडली, पाणी आला. मुलाला शब्द देताना नुसतं 'पुस्तक' देऊ नका, 'ते पुस्तक' द्या, 'तो चहा', 'तो आवाज', 'ते दुकान'. तो, ती, ते शब्दाला चिकटूनच पाठ झालं की पुढची जुळणी ही मुलं आपोआप करतात, ते त्यांना येतंच. आणि पेपर तपासताना शिक्षकांनी फुली त्या नामावर मारावी, एकदा, बाजूला 'ते' लिहावं, गुण एकदाच कापावा.

तुमच्या पेपरच्या मुलांच्या पानावर दर आठवड्याला असे पाच शब्द छापता येतील का, हिंदीत एक लिंग आणि मराठीत दुसरं असलेले? यादी करून द्यायला मी तयार आहे, चाळीसेक शब्द आत्ताच वहीत आहेत, त्यातले अर्धे त्या पोराच्याच पेपरातून मिळालेत.

आपली,
पॉलिटेक्निकमधली एक शिक्षिका, मानकापूर, नागपूर