पोस्टडॉकची जाहिरात वाचताना

संपादक साहेब,

पीएचडी झालेली पोरं पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या ठराविक मुदतीच्या संशोधनाच्या नोकरीच्या) जाहिरातीत नुसतं टेक्निकल युनिव्हर्सिटीचं नाव आणि पगार बघतात, पण पैसा कुठून येतोय ते आधी बघायला पाहिजे. प्रोजेक्टच्या ग्रँटमधली जागा असेल तर विषय प्रोफेसरचा आणि ग्रँट संपली की बहुतेक वेळा जागा पण संपली. फेलोशिप असेल तर प्रपोजल तुमचं पण अटी कडक, युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपला साधारण नियम असा की मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त, जिथे जायचंय त्या देशात राहिलेलं चालत नाही, वयाची अट मात्र नाही (हे एक बरंय). शिवाय होस्ट प्रोफेसर (ज्याच्याकडे काम करायचं तो) आधीच गाठावा लागतो, एकच ईमेल सगळ्यांना ढकलून कोण उत्तर देणार? तुम्ही शिक्षणाच्या पानावर अशा अटी सोप्या मराठीत छापा ना.

– एक वाचक