फिशरला मूळव्याध म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या आरोग्य पुरवणीतला मूळव्याधीवरचा ‘तो’ लेख वाचला. लगेच लिहायला बसणार होतो, पण रागाच्या भरात लिहिलेली पत्रे तुम्ही छापत नाही असा अनुभव आहे. म्हणून एक रात्र मध्ये जाऊ दिली. राग गेलेला नाही.

शीर्षकात मूळव्याध, पहिल्या परिच्छेदात फिशर आणि शेवटच्या चौकटीत फिशर म्हणजेच भगंदर! तीन निराळे आजार लेखकमहाशयांनी एका पंक्तीला बसवले आहेत. मूळव्याधीत आतल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या सुजून खाली सरकतात. रक्त जाते, पण आतल्या मूळव्याधीत बहुधा दुखत नाही. भगंदर म्हणजे गळवातून बाहेरच्या त्वचेपर्यंत झालेली वाट. त्यातून पू येतो. आणि फिशर म्हणजे गुदद्वाराच्या नाजूक त्वचेला पडलेली चीर. आयुर्वेदात तिला परिकर्तिका म्हणतात, कात्रीने कातरल्यासारखे दुखते म्हणून. (व्याकरणातला कर्तरी प्रयोग वेगळा. प्रयोग मात्र माझ्यावर बरेच झाले.)

शब्दांचा एवढा कीस कशाला, असे तुम्ही म्हणाल. माझे चार महिने त्या एका शब्दापायी गेले, म्हणून.

आठवडाभराच्या बद्धकोष्ठानंतर हे सुरू झाले. शौचाला बसलो की काच फिरल्यासारखे वाटे, आणि उठल्यावर दोन-तीन तास आग आणि ठणका. लालभडक रक्ताचे दोन-चार थेंब. शिक्षक-खोलीत एका सहकाऱ्याच्या कानात हळूच सांगितले. त्याने खुर्चीतून न उठता निदान केले : मूळव्याध. वर स्वतःची अर्धी वापरलेली मलमाची नळीही दिली. घरी हात लावून पाहिले तर बाहेर खरोखरच छोटासा कोंब लागला. म्हणजे शंकाच मिटली! तो कोंब मूळव्याधीचा नव्हता. चीर सहा-आठ आठवड्यांत भरली नाही, जुनी झाली, की तिच्या बाहेरच्या टोकाशी त्वचेचा असा लोंबता तुकडा तयार होतो. तुमच्या लेखातल्या चित्रात बाण काढून ज्याला मूळव्याध म्हटले आहे, तो हाच तुकडा आहे.

त्या काळात मी सगळे तास उभ्याने घेत होतो. मुख्याध्यापकांनी बैठकीत सर्वांसमोर माझे उदाहरण दिले, की या वयातही सर खुर्चीला टेकत नाहीत. मी मान खाली घालून ऐकले.

दुखण्यापेक्षा दुखण्याची भीती वाईट, हे ज्याला झाले त्यालाच कळेल. आतून घंटा झाली तरी मी शौचाला जाणे टाळायचो. एक दिवस, दोन दिवस. आत मळातले पाणी शोषले जाऊन त्याचा खडा होई आणि तिसऱ्या दिवशी कुंथून तो बाहेर काढताना जी चीर जेमतेम मिटत आलेली असे, ती पुन्हा उसवे. त्यात शेकायच्या पाण्यात मी जंतुनाशक ओतले होते, तेही सढळ हाताने. तो प्रसंग वर्णन करत नाही.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कुशीवर वळायला सांगितले, दोन्ही बाजूंची त्वचा हलकेच दूर केली आणि अर्ध्या मिनिटात म्हणाले, ‘ही बघा, सहाच्या काट्यावर.’ कागदावर घड्याळ काढून दाखवले. दहातल्या नऊ चिरा तिथेच, मागच्या बाजूला मधोमध असतात; बाळंतपणानंतर काही स्त्रियांना पुढे, बाराच्या काट्यावर. तीन किंवा नऊवर दिसली तर मात्र डॉक्टर सावध होतात, कारण तिच्यामागे क्रोन (आतड्याला येणारी जुनाट सूज) किंवा क्षयासारखा दुसरा आजार असू शकतो. अर्धे मिनिट, संपादक महाशय! चार महिन्यांत कुणीही पाहिले नव्हते, कारण मी कुणाला दाखवले नव्हते.

आता तुमच्या लेखातल्या सल्ल्याकडे वळतो. ‘शांत बसावे आणि स्नायू सैल सोडावेत’ अशा अर्थाचे काही त्यात आहे. फारच छान. गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात, एक आत आणि एक बाहेर. बाहेरचे आपले ऐकते. आतले ऐकत नाही, आणि फिशरमध्ये आवळले जाते ते हे आतले. ते आवळले की चिरेकडे रक्त नीट पोहोचत नाही, रक्त नाही म्हणून चीर भरत नाही, चीर दुखते म्हणून ते आणखी आवळते. हे कुणाच्या उपदेशाने सैल होत नाही. त्यासाठीच तर मलमे असतात. मला आधी नायट्रोग्लिसरीनचे दिले होते, हृदयविकारात जिभेखाली गोळी ठेवतात त्याच औषधाचे. त्याने डोके असे ठणकले की खालचे दुखणे मी तासभर विसरलो. मग डिल्टियाझेमचे, २ टक्क्यांचे, वाटाण्याएवढे, दिवसातून दोनदा. दुखणे तिसऱ्या आठवड्यातच थांबले आणि मी शहाणपणा करून मलम बंद केले. पंधरा दिवसांत पुन्हा सहाच्या काट्यावर हजर. यात दोष सर्वस्वी माझा. आठ आठवडे लावा असे डॉक्टरांनी चिठ्ठीवर अधोरेखित केले होते. तुमच्या लेखात मात्र ‘आराम पडेपर्यंत’ एवढेच आहे.

‘तंतुमय आहार घ्यावा’ हेही आहे. किती? दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू लागतात, तेही हळूहळू वाढवत न्यायचे, नाहीतर पोट फुगते. इसबगोल घेतले आणि वर पुरेसे पाणी प्यायले नाही, तर त्याचाच गोळा होतो. पाण्यात बसायचे ते कोमट, दहा-पंधरा मिनिटे, शौचानंतर. एवढे लिहायला चार ओळी लागल्या असत्या. त्या जागी हसऱ्या बाईचे छायाचित्र आहे. फिशर झालेला माणूस तसा हसत नाही.

शस्त्रक्रियेबद्दल लेखकाने भीती घालून ठेवली आहे. मला तिची गरज पडली नाही, पण माझ्या मेहुण्याला पडली. आतल्या स्नायूचा थोडासा भाग बाजूने कापतात, आवळ सुटते आणि दहातल्या नऊहून अधिक जणांची चीर भरते. काहींना नंतर वायू रोखता येत नाही, हे खरे, आणि ते आधीच सांगायला हवे, बाळंतपणे झालेल्या स्त्रियांना तर विशेष. त्यांच्यासाठी सुरकुत्या घालवणारे ते बोटॉक्सचे इंजेक्शनही वापरतात; त्याने स्नायू काही महिने ढिला राहतो. मेहुणा शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर आमच्यासोबत बसला होता, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि जे लिहायलाच हवे होते ते राहिलेच. रक्त पडते म्हणजे फिशरच, असे धरून चालू नये. माझे वय ५७. चीर समोर दिसत असूनही डॉक्टरांनी ती भरल्यावर दुर्बिणीने मोठे आतडे तपासून घ्यायला लावले. काही निघाले नाही. निघाले असते तर सहकाऱ्याच्या नळीने ते बरे झाले नसते.

जाता जाता. डॉक्टरांनी मला शौचालयात वर्तमानपत्र नेण्याची बंदी केली आहे. पाच मिनिटांत उठायचे, झाले तरी आणि नाही झाले तरी. त्यामुळे तुमचे शब्दकोडे मी आता टेबलावर, चांगल्या उजेडात सोडवतो, आणि त्यातल्या चुका मला पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसू लागल्या आहेत. रविवारी आडवा ९ ला चौकटी चार आणि उत्तर पाच अक्षरी होते. पूर्वी मला वाटे की मलाच येत नाही.

पत्र छापल्यास खाली ‘एक वाचक’ एवढेच छापावे. लाजेपायीच मी चार महिने घालवले हे खरे, पण माझे निम्मे माजी विद्यार्थी तुमचे वर्गणीदार आहेत, आणि मुख्याध्यापकही.

आपला,
एक वाचक