लसीनंतरची वर्षे कोण मोजणार? केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

मी रोगप्रतिकारशास्त्राची संशोधक आहे. लस टोचल्यावर शरीरात काय घडते आणि घडलेले किती काळ टिकते, हाच माझ्या आजवरच्या कामाचा विषय. डेंग्यूच्या लसीबाबत एक मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि पॅनेशिया बायोटेक ही कंपनी यांनी ‘डेंगीऑल’ या लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी रोहतकला सुरू केली. १८ राज्ये व केंद्रशासित प्रदेश, १९ केंद्रे, १०,३३५ हून अधिक निरोगी प्रौढ. आपल्या देशात डेंग्यूच्या लसीची एवढी मोठी चाचणी होणे ही अभिमानाची गोष्ट आहे. तेव्हा जाहीर झाल्याप्रमाणे सहभागींचा पाठपुरावा दोन वर्षे होणार आहे. माझी मागणी एवढीच, की दोन वर्षांनी तो थांबू नये. निदान आणखी आठ वर्षे चालावा, आणि तो करणाऱ्या माणसांच्या नोकऱ्याही तेवढी वर्षे टिकाव्यात.

डेंग्यूच्या बाबतीत हे इतके महत्त्वाचे का, ते सांगते. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एका प्रकाराची लागण झाली की त्या प्रकारापासून दीर्घकाळ, बहुधा जन्मभर, संरक्षण मिळते. उरलेल्या तिघांपासून मात्र थोड्याच काळापुरते. मग रक्तातल्या अँटिबॉडी (विषाणूला ओळखून चिकटणारी प्रथिने) उतरू लागतात. त्या भरपूर असतात तोवर विषाणूला निकामी करतात. अगदी नसल्या तर त्यांचा बरावाईट काहीच परिणाम होत नाही. धोका असतो मधल्या पातळीवर. तेव्हा अँटिबॉडी विषाणूला चिकटतात पण त्याला रोखू शकत नाहीत, आणि ज्या पांढऱ्या पेशींचे कामच अँटिबॉडी चिकटलेली वस्तू गिळण्याचे, त्या विषाणूला स्वतःहून आत घेतात. तिथे तो वाढतो. दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू अनेकदा पहिल्यापेक्षा जिवावर बेततो, त्यामागचे हे एक मोठे कारण.

माणसांमध्ये हे आकड्यांनिशी दाखवून दिले मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा या देशातल्या अभ्यासाने. राजधानी मानाग्वामध्ये २००४ पासून मुलांच्या एका गटाचे रक्त दरवर्षी घेतले जाते. सहा हजारांहून अधिक मुलांच्या बारा वर्षांच्या नमुन्यांवरून २०१७ मध्ये ती धोक्याची पातळी नेमकी सांगता आली. निकाराग्वा काही श्रीमंत देश नाही. तिथे पैसा आपल्यापेक्षा जास्त होता असे नव्हे. तिथे काम मध्येच तुटले नाही.

आता लसीकडे वळते. सनोफी या औषध कंपनीच्या ‘डेंगवॅक्सिया’ या डेंग्यूच्या लसीचे पहिल्या दोन वर्षांचे आकडे आश्वासक होते. तिसऱ्या वर्षी चित्र बदलले. नऊ वर्षांखालच्या मुलांमध्ये लस न घेतलेल्यांपेक्षा लस घेतलेल्यांना डेंग्यूमुळे रुग्णालयात भरती करण्याचे प्रमाण जास्त दिसू लागले. २०१६ मध्ये फिलिपिन्सने नऊ वर्षांवरच्या शाळकरी मुलांना ही लस द्यायला सुरुवात केली. आठ लाखांहून अधिक मुलांना ती दिली गेली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केले की ज्यांना आधी डेंग्यू झालेलाच नाही त्यांच्यात ही लस गंभीर आजाराचा धोका वाढवू शकते. त्या मुलांच्या शरीराने लसीला पहिली लागण समजले असावे, म्हणजे नंतरची खरी लागण दुसरी ठरली. त्यानंतर फिलिपिन्समध्ये लोकांचा विश्वास ढासळला तो एका लसीवरचा नाही, सगळ्याच लसींवरचा.

आपली लस वेगळ्या पद्धतीने बनवलेली आहे. तिच्याबाबत असे काही होईल असे मी अजिबात म्हणत नाही. ती यशस्वी व्हावी असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच सांगते आहे, की तिसऱ्या, पाचव्या, आठव्या वर्षी ती कशी वागते हे आपल्याच लोकांच्या रक्तातून आपल्याला कळले पाहिजे. संरक्षण टिकले तर ते छातीठोकपणे सांगता येईल. कमी होत असेल तर बूस्टर कधी द्यायचा हे ठरवता येईल. दोन वर्षांच्या आकड्यांवर ही दोन्ही उत्तरे मिळत नाहीत, कारण अँटिबॉडी सुरुवातीला झपाट्याने उतरतात आणि मग त्यांचा वेग मंदावतो. खरा प्रश्न असतो, त्या कुठल्या पातळीवर स्थिरावतात हा. अस्थिमज्जेत अँटिबॉडी बनवणाऱ्या किती प्लाझ्मा पेशी मुक्काम ठोकून राहिल्या आणि विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या किती स्मृतिपेशी शिल्लक उरल्या, यावर ते अवलंबून असते. धनुर्वाताच्या अँटिबॉडी निम्म्यावर यायला साधारण ११ वर्षे लागतात, घटसर्पाच्या साधारण १९ वर्षे. हे कळले, कारण अमेरिकेतल्या संशोधकांच्या हाती त्याच माणसांचे २६ वर्षांपर्यंतचे नमुने होते.

हे आपल्याला जमणार नाही असे म्हणायला जागा नाही. तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूला १९६८ मध्ये क्षयावरच्या बीसीजी लसीची चाचणी सुरू झाली. अडीच लाखांहून अधिक लोक त्यात होते आणि १५ वर्षे त्यांचा माग ठेवला गेला. बीसीजी तिथल्या प्रौढांना फुप्फुसाच्या क्षयापासून वाचवत नाही, हे त्यातून दिसून आले. (लहान बाळांना क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून ती वाचवते, म्हणून आजही जन्मतः देतात.) निष्कर्ष कोणालाच हवासा नव्हता, तरीही आपल्या शास्त्रज्ञांनी तो मांडला आणि जगाने तो मान्य केला.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लसीचा अनुभव तर याहून बोलका. २००९ मध्ये भारतातल्या नऊ केंद्रांवर दोन डोस की तीन, हे तपासणारी चाचणी सुरू झाली. एप्रिल २०१० मध्ये, एका वेगळ्याच प्रकल्पाशी जोडल्या गेलेल्या वादामुळे, देशभरातल्या अशा चाचण्यांतले लसीकरण थांबवले गेले. तोपर्यंत १७,७२९ मुलींना लस मिळाली होती, आणि त्यातल्या ४,९५० जणींना एकच डोस. बऱ्याच ठिकाणी असा अभ्यास फसला म्हणून गुंडाळला गेला असता. इथे तो चालू ठेवला. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, निकाल प्रसिद्ध झाला: एका डोसनेसुद्धा एचपीव्ही विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून ९५.४ टक्के संरक्षण. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय स्वीकारला. जगातल्या गरीब देशांना आज तेवढ्याच लसीत दुप्पट मुलींना संरक्षण देता येते, त्यामागे आपल्या मुलींचे रक्त आणि आपल्या लोकांची चिकाटी आहे.

ही चिकाटी दाखवली कोणी, हे शोधनिबंधात दिसत नाही. घरोघर जाणाऱ्या क्षेत्र-कार्यकर्तीला माहीत असते की अमुक मुलगी लग्न होऊन कुठल्या गावी गेली, सासरी तिचे नाव बदलले का, नवा फोन नवऱ्याच्या नावावर आहे की दिराच्या, आणि कोणत्या सणाला ती माहेरी येते. ही माहिती कुठल्याही संगणकात सापडत नाही. ती बाई काम सोडून गेली की निम्मा अभ्यास तिच्याबरोबर जातो.

प्रयोगशाळेतही तेच. सकाळी घेतलेले रक्त काही तासांत आमच्याकडे पोचावे लागते. फायकॉलच्या (रक्तातल्या पेशी वेगळ्या करणाऱ्या) द्रावणावर ते नळीच्या कडेने अलगद सोडायचे. घाई केली की दोन्ही मिसळतात आणि नमुना वाया जातो. सेंट्रिफ्यूजमधून (वेगाने फिरवणाऱ्या यंत्रातून) नळी बाहेर आली की वर रक्ताचा पिवळसर द्रव म्हणजे प्लाझ्मा, तळाशी लाल पेशी आणि मध्ये धुरकट पांढरी कडी दिसते. स्मृतिपेशी असतात त्या या कडीत. ती पिपेटने उचलायची, पेशी धुवायच्या, मोजायच्या, हळूहळू गोठवायच्या आणि मग द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत उणे १९६ अंशांवर ठेवायच्या. दहा वर्षांनी ती कुपी उघडल्यावर किती पेशी जिवंत निघतील, हे त्या दिवशी काम करणाऱ्या हाताच्या सफाईवर ठरते. हा हात तयार व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. तो तयार होतो तेव्हा प्रकल्प संपलेला असतो.

एका संस्थेत मी हे डोळ्यांदेखत पाहिले. तीन वर्षांचा प्रकल्प संपला, मुदतवाढ आली नाही. अतिशय कुशल तंत्रज्ञ मुलगी पगारासाठी खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली. क्षेत्र-कार्यकर्तीचे कंत्राट संपले. टाकीत दर आठवड्याला नायट्रोजन भरायचा खर्च कुठल्याच लेखाशीर्षाखाली बसेना. शेवटी नमुने नष्ट करावेत असा लेखी आदेश आला. शेकडो लोकांनी कुठलाही मोबदला न मागता, ‘पुढच्यांना उपयोग होईल’ म्हणून दिलेले रक्त होते ते. त्यांच्यापैकी कोणी मला विचारले की आमच्या रक्तातून काय कळले, तर मी काय उत्तर देणार? मला याचा आजही राग आहे आणि तो आपल्यापर्यंत पोचावा असे मला वाटते.

माझ्या हाताखालून गेलेली हुशार मुले एकाच कारणाने हे क्षेत्र सोडतात. विषय त्यांना आवडतो, तासन्‌तास राबायचीही तयारी असते. पण दरवर्षी नव्याने कंत्राट, ते वेळेवर येईल याची खात्री नाही, आणि वयाची पस्तिशी आली की अर्ज करायची मुदतही टळलेली. मग ती परदेशी जातात, औषध कंपन्यांच्या विपणनात जातात, बँकांच्या परीक्षा देतात. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळायला दहा वर्षे लागतात, त्यावर पीएचडीनंतर काम करायचे धाडस अकरा महिन्यांच्या कंत्राटावर कोण करील?

म्हणून मंत्रिमहोदय, आरोग्य संशोधन विभागाच्या नियमांत दहा वर्षांच्या पाठपुराव्यासाठी वेगळी तरतूद असावी. दर तीन वर्षांनी कठोर तपासणी जरूर व्हावी, काम नीट नसेल तर ते बंदही करावे. पण नीट असेल तर पुढचा निधी आपोआप मिळावा, नव्याने रांगेत उभे राहावे लागू नये. प्रत्येक केंद्रावर निदान एक तंत्रज्ञ, एक क्षेत्र-कार्यकर्ती आणि माहितीची नोंद ठेवणारी एक व्यक्ती यांची पदे त्या पूर्ण काळासाठी मंजूर व्हावीत. नमुने जपण्याचा खर्च प्रकल्पाच्या खर्चातून वेगळा काढावा, म्हणजे प्रकल्प संपला तरी टाकी कोरडी पडणार नाही. आणि या सगळ्याची सुरुवात डेंग्यूच्या चाचणीपासून व्हावी.

यात वेळेचा मुद्दा आहे. चाचणीतल्या पहिल्या सहभागीची दोन वर्षे ऑगस्ट २०२६ मध्ये भरतात. पुढचा पाठपुरावा करायचा तर प्रत्येकाकडून नव्याने संमती घ्यावी लागेल, १९ केंद्रांच्या नीतिमत्ता समित्यांची मंजुरी लागेल, आणि या कामाला महिने जातात. माणसे एकदा पांगली की दहा हजार जणांना पुन्हा शोधणे जवळजवळ अशक्य असते. आपल्या विभागाने बोलावल्यास अशा पाठपुराव्याचा आराखडा, लागणारी पदे आणि वर्षनिहाय खर्च यांचा तपशील घेऊन मी आणि माझे सहकारी कधीही यायला तयार आहोत.

आपली विश्वासू,
लसींवर काम करणारी एक संशोधक